सोलापुरातली गाडी कोण हॅक करणार?

मोटारीत संगणक आहे, संगणकात सिमकार्ड आहे, तेव्हा लांब बसलेला माणूस ती मोटार ताब्यात घेऊ शकतो. हे सोलापुरात बोललं की समोरून ठरलेली उत्तरं येतात. एक म्हणतो, हे सगळं सिनेमात. दुसरा म्हणतो, अमेरिकेत होत असेल, आपल्या एमएच-१३ ला कोण विचारतो? तिसऱ्याचं उत्तर वजनदार असतं: पुणे-सोलापूर रस्त्यावर माणसं मरतात ती मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीमुळे, डुलकीमुळे, दारूमुळे, हॅकरमुळे एकही नाही. आणि अगदी दुसऱ्या टोकाला चौथा असतो, ज्याला हे सगळं पटलेलं असतं आणि म्हणून तो जुनी गाडी धरून ठेवायला सांगतो. माझ्या मते चौघेही चुकतात. तिसऱ्याच्या म्हणण्यात मात्र बरंच खरं आहे, त्यामुळे त्याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

सिनेमाचा आक्षेप आधी निकालात काढू. २०१५ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसजवळ ‘वायर्ड’ मासिकाचा पत्रकार अँडी ग्रीनबर्ग जीप चेरोकी चालवत होता. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक हे संशोधक काही मैल दूर, मिलरच्या घरात लॅपटॉप घेऊन बसले होते. प्रयोग ठरवून केलेला होता; ते काय काय करणार हे मात्र चालकाला सांगितलेलं नव्हतं. आधी एसीचा गार झोत सुटला, मग रेडिओ मोठ्याने लागला आणि बटण दाबून बंद होईना, वायपर फिरायला लागले, काचेवर पाणी उडालं. इथपर्यंत गंमत म्हणता येईल. त्यानंतर महामार्गावर ॲक्सिलरेटर मेला. पाय दाबलेला, इंजिनचे फेरे वाढताहेत, गाडी मात्र मंदावत चालली आहे, आणि मागून ट्रक येतोय. पुढे मोकळ्या जागेत, कमी वेगात, त्यांनी ब्रेकही निकामी करून दाखवले आणि गाडी खड्ड्यात गेली.

हे जमलं कसं? गाणी आणि नकाशे दाखवणारी टचस्क्रीन मोबाइल नेटवर्कला जोडलेली होती. त्या वाटेने आत शिरून त्यांनी तिथल्या एका चिपमधलं सॉफ्टवेअर बदललं आणि गाडीच्या आतल्या तारांवर हुकूम सोडायला सुरुवात केली. त्या तारांच्या जाळ्याला कॅन बस म्हणतात. बॉश कंपनीने ते १९८६ मध्ये जगापुढे मांडलं, तेव्हा गाडी बाहेरच्या जगाशी बोलेल हे कुणाच्या मनातही नव्हतं. गावात दवंडी पिटली की ऐकणारा ती कुणी पिटली हे विचारत नाही, तसं इथलं काम चालतं. संदेशावर पाठवणाऱ्याची सही नसते. आज्ञा ओळखीची असली की ब्रेकचा संगणक, इंजिनचा संगणक, स्टिअरिंगची मोटर ती पाळतात. नव्या गाड्यांत मध्ये दारवान बसवले जात आहेत, पण रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्यांच्या पोटात हेच भाबडं जाळं आहे.

आता ‘अमेरिकेत होत असेल’ याविषयी. तीच जीप कंपनी २०१७ पासून आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात कंपास ही गाडी बनवते. २०१९ साली ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर भारतात आल्या त्याच मुळी इंटरनेटची जाहिरात करत, आणि आज मध्यम किमतीच्या गाडीतही मोबाइलवरून दार उघडणं, एसी लावणं, इंजिन चालू-बंद करणं ही सोय म्हणून विकली जाते. सोलापूरही या जगाच्या बाहेर नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत १९९२ साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनीचा कारखाना आहे आणि तिथले कॅमशाफ्ट देशोदेशीच्या इंजिनांत फिरतात. निव्वळ लोखंडी वस्तू. पण गाडीत बसली की तिच्या शेजारी सेन्सर येतो आणि ती कुठल्या कोनात आहे ते क्षणाक्षणाला संगणकाला कळवतो. इंजिनात इंधन कधी उडवायचं ते त्यावर ठरतं. ज्या शहराची रोजीरोटी मोटारीच्या पोटात आहे, त्याने मोटारीच्या मेंदूबद्दल बेफिकीर राहू नये.

आणि इथला धोका महागड्या गाडीच्या टचस्क्रीनमधून येईलच असं नाही. माझ्या डोळ्यांपुढे येतं ते गॅरेज. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ट्रकमालक, टेम्पोमालक जीपीएस बसवून घ्यायला रांग लावतात. वायरमन डॅशबोर्डखालची पट्टी उघडतो, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र काढतो, त्यात सिम घालतो, आणि एक रिले, म्हणजे लांबून चालणारा स्विच, इंधनपंपाच्या वायरीत जोडून देतो. ‘मालक, आता घरी बसून गाडी बंद करता येती.’ मालक खूश. ड्रायव्हर डिझेल विकतो की काय ही त्याची जुनी चिंता मिटलेली असते. मी पाहिलं त्या वेळी पासवर्ड एक-दोन-तीन-चार-पाच-सहा होता. बदला म्हटलं तर वायरमन म्हणाला, सगळ्यांना हाच ठेवतो, विसरत नाहीत. तो माणूस कामात वाकबगार होता आणि वायरिंग स्वच्छ होतं. फक्त हा पासवर्ड म्हणजे त्या ट्रकच्या इंधनाची तोटी आहे, हे त्याला कधी कुणी सांगितलेलंच नव्हतं.

ही भीती कल्पनेतली नाही. जुलै २०२२ मध्ये अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने मायकोडस कंपनीच्या एमव्ही७२० या चिनी ट्रॅकरबद्दल जाहीर इशारा दिला. बिटसाइट या संस्थेच्या संशोधकांना त्यात सहा दोष सापडले होते. मूळ पासवर्ड नेमका हाच, १२३४५६. काही हुकूम तर पासवर्डाशिवाय एसएमएसने चालत. आणि यंत्र इंधन तोडू शकत होतं. कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे तिचे पंधरा लाख ट्रॅकर वापरात होते, आणि बिटसाइटला ते १६९ देशांत आढळले.

आता तिसऱ्याचं वजनदार उत्तर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांच्यापुढे हॅकरने मारलेल्यांचा आकडा ठेवायचा तर ठेवायला काही नाही. चालत्या मोटारीचा ताबा लांबून घेऊन गुन्हेगाराने माणूस मारला अशी सिद्ध झालेली घटना आजवर पुढे आलेली नाही. हे मी बिनशर्त मान्य करतो. ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर लावण्याचं काम आजच व्हायला हवं आणि त्याला या विषयाची वाट बघायला लावणारा माणूस वेडा ठरेल.

पण या मान्यतेतून ‘म्हणून हे सोडून द्या’ असा निष्कर्ष निघत नाही. ट्रॉलीचा दिवा एका ट्रॉलीचा असतो. सॉफ्टवेअरमधला दोष त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत एकाच वेळी असतो. जीपच्या प्रयोगानंतर कंपनीला एकट्या अमेरिकेत चौदा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण भोक एकच होतं आणि ते सगळीकडे होतं. २०१० मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात शंभराहून जास्त गाड्या अचानक सुरू होईनात, काहींचे हॉर्न थांबेनात. हप्ता थकला तर गाडी बंद करता यावी म्हणून विक्रेत्याने त्यांत यंत्रं बसवलेली होती. कामावरून काढलेल्या एका तरुणाने सहकाऱ्याच्या पासवर्डने घुसून ती चालवली. कुणी कसबी हॅकर लागला नाही. नाराज नोकर पुरला. २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवलं की अमेरिकेतल्या कियाच्या लाखो गाड्यांची दारं उघडता येतात, त्या सुरू करता येतात, आणि त्यासाठी फक्त नंबरप्लेटवरचा क्रमांक पुरतो. दोष गाडीत नव्हताच, डीलरांसाठीच्या वेबसाइटमध्ये होता. कंपनीने तो दुरुस्त केला. पण ज्याच्या गाडीला हा धोका होता त्याने कितीही सावध गाडी चालवली असती तरी काय फरक पडला असता?

रस्त्यावरच्या बाकी धोक्यांपासून हा धोका वेगळा पडतो तो इथे. दारू पिऊ नका, पट्टा लावा, वेग कमी ठेवा, हा उपदेश चालकाला करता येतो. इथे चालकाच्या हातात काही नाही, म्हणून जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. ती बनवणाऱ्यावर आणि बसवणाऱ्यावरच टाकावी लागते.

जुन्या गाडीवाल्यांना माझं थोडक्यात सांगणं आहे. एबीएस हाही संगणकच आहे; पावसात घसरणारं चाक ओळखून तो ब्रेक सोडतो-धरतो, म्हणून गाडी वळवता येते. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत तो सक्तीचा झाला तो उगाच नाही. एअरबॅगही संगणकच उघडतो. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-सहा हे प्रदूषणाचे निकष आल्यावर दुचाकीच्या इंजिनातही संगणक बसला. न घडलेल्या धोक्याच्या भीतीने रोज जीव वाचवणारी वस्तू फेकून देणं हा सौदा तोट्याचा आहे.

कंपन्यांचाही एक आक्षेप असतो: अशा दोषांची जाहीर चर्चा केली की चोरांना शिकवणी मिळते. जीपच्या तारखा बघा. संशोधक कंपनीशी जवळजवळ नऊ महिने बोलत होते. दुरुस्ती तयार झाली ती गाजावाजा न करता वेबसाइटवर ठेवली गेली. ज्याला हवी त्याने घ्यावी. ग्रीनबर्गचा लेख २१ जुलै २०१५ ला आला आणि गाड्या परत बोलावण्याची घोषणा २४ जुलैला झाली. नऊ महिन्यांच्या खासगी बोलण्याने जे झालं नाही ते तीन दिवसांच्या बोभाट्याने झालं. आधी कंपनीला सांगावं, दुरुस्तीला वेळ द्यावा, हे योग्यच. त्यानंतरही गप्प बसावं, हे मला मान्य नाही.

मग मागायचं काय? आपल्याकडे पायाच नाही असं मुळीच नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम सरकार देऊ शकतं, आणि एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांत दोष या शब्दात सॉफ्टवेअरचा दोषही धरलेला आहे. उत्तम तरतूद. पण तिची मुख्य वाट मालकांच्या तक्रारींच्या संख्येतून जाते; जास्त खपाच्या मॉडेलला तर हजाराहून अधिक तक्रारी लागतात. गिअरबॉक्स खराब असेल तर लोक तक्रार करतील. हॅकिंगचं भोक मात्र मुकं असतं. गाडी झकास चालत असते आणि ज्या दिवशी तक्रार सुरू होते त्या दिवशी उशीर झालेला असतो. त्याच कलमात चाचणी संस्थेकडून किंवा अन्य कुठल्याही मार्गाने दोष कळला तरी कारवाईची मुभा आहे. सुरक्षेच्या दोषांसाठी सरकारने तीच वाट रुळवली पाहिजे. एका संशोधकाचं एक सिद्ध पत्र पुरेसं ठरलं पाहिजे.

युरोपात संयुक्त राष्ट्रांचा नियम १५५ जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू आहे. सायबर सुरक्षेची व्यवस्था दाखवल्याशिवाय गाडी विकता येत नाही. त्याच धर्तीवर आपल्याकडे एआयएस-१८९ आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी एआयएस-१९० ही मानकं आखली गेली. ती टाळाटाळ न करता सक्तीची करा, आणि बाहेरून बसवल्या जाणाऱ्या ट्रॅकरलाही तोच न्याय लावा. प्रवासी वाहनांच्या ट्रॅकरसाठी एआयएस-१४० आहे. मालकाने हौसेने वा गरजेने बसवलेल्या स्वस्त यंत्राला असं काही बंधन नसेल तर सगळी मेहनत त्या रिलेपाशी वाया जाते. जगातल्या प्रत्येक तुकड्याला एकच पासवर्ड असलेलं यंत्र बाजारात येताच कामा नये.

सार्वजनिक गाड्यांचं तर अधिकच. ऑस्लोची वाहतूक संस्था रूटर हिने २०२५ मध्ये आपल्या विजेवरच्या बस खाणीत, मोबाइलची रेंज नसलेल्या जागी नेऊन तपासल्या. चिनी युटाँग बसमध्ये बॅटरी आणि वीजपुरवठ्याच्या नियंत्रणापर्यंत बनवणाऱ्याची वाट मोबाइल नेटवर्कमधून जाते, म्हणजे तत्त्वतः बस लांबून थांबवता येते, असं तिने जाहीर केलं. कंपनीवर गुन्ह्याचा आरोप नव्हता. दार आहे एवढं तपासून सांगितलं, आणि पुढच्या खरेदीच्या अटी कडक करायचं ठरवलं. आपल्या एसटीत विजेवरच्या बस येत आहेत. कोण लांबून काय बंद करू शकतो, हे निविदेच्या अटीतच विचारलं गेलं पाहिजे, मग बस कुठल्याही देशाची असो.

सोलापूरपुरतं बोलायचं तर जुन्या गाड्यांच्या बाजारापासून सुरुवात करता येईल. पुण्या-मुंबईकडून आलेली सेकंडहँड गाडी इथे घेतली जाते, आरसी बुक नावावर होतं, पण मोबाइल ॲपमधलं खातं पहिल्या मालकाच्या नावावर तसंच राहू शकतं. आयबीएमच्या चार्ल्स हेंडरसन या सुरक्षातज्ज्ञाने २०१७ मध्ये सांगितलं होतं की विकून टाकलेली गाडी त्यांना ॲपमध्ये काही वर्षांनीही दिसत होती. आरटीओत हस्तांतर करताना जुनं खातं तोडल्याचा दाखला मागायला कितीसा खर्च येणार आहे? शोरूममध्ये गाडी घेणाऱ्यानेही ही गाडी किती वर्षं सुरक्षेचे अपडेट घेणार ते लेखी मागावं. इंजिनची वॉरंटी मागतो तसंच.

शेवटची मागणी इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी. वालचंद इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणची मुलं भंगारातून एक गाडी आणून, स्कॅनर लावून, तिच्या तारांवरचे संदेश वाचू शकतात. चाळीस वर्षांपूर्वीचं जाळं आहे ते, फार महाग साधनं लागत नाहीत. अमेरिकेने २०१५ मध्ये प्रामाणिक हेतूने मोटारीचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांना कॉपीराइट कायद्यातून सूट दिली. आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ परवानगीशिवाय संगणकाला हात लावणाऱ्याचा हेतू विचारत बसत नाही, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हरमधला दोष ज्याला दिसला तो आधी वकील शोधतो. त्या मुलाला संरक्षण देणारी दोन ओळींची दुरुस्ती संसदेने करावी. तोवर त्याने दोष सापडताच सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावा, आणि त्याच्या महाविद्यालयाने ते पत्र आपल्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने पाठवावं.