‘अनफिट’ म्हणजे नेमकं कोणत्या कामासाठी?

“डॉक्टर, कंपनीने फिटनेस सर्टिफिकेट मागितलंय. फिट लिहिलंत तर परत पॉवर प्रेसवर उभं करतील. अनफिट लिहिलंत तर घरी बसवतील. तुम्हीच सांगा काय ते.”

बेलवलीच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न अनेकांकडून ऐकू येतो. कुणी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतला मशीन ऑपरेटर असतो, कुणी उल्हासनगरात जीन्स शिवणारा कारागीर, तर कुणी रोज लोकलने मुंबई गाठणारी ऑफिसातली बाई. एखाद्याला पक्षाघात होऊन गेलेला असतो, एखाद्याचा मधुमेहाने पायाचा पंजा गेलेला असतो, एखाद्याला ऐकू येईनासं झालेलं असतं. आजार निरनिराळे, पण कागद सगळ्यांकडे एकच मागतात आणि त्यावर एकच शब्द हवा असतो, फिट किंवा अनफिट.

माझं स्पष्ट मत आहे की, या एका शब्दाने माणसाची नोकरी ठरवणं वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे आणि बऱ्याचदा कायद्यालाही धरून नाही. तरीही ते रोज घडतं, कारण कामगाराला आपला हक्क माहीत नसतो आणि मालकाला तो सांगायची घाई नसते.

आधी वैद्यकाची बाजू बघू. ‘अनफिट’ नावाचा कुठलाही आजार नाही. डावा हात कमजोर झालेल्या माणसाला दोन्ही हातांनी चालवायचं प्रेस मशीन देणं धोक्याचं, हे खरं. पण तोच माणूस स्टोअरमध्ये मालाची नोंद ठेवू शकतो, गेटवर बसू शकतो, नव्या मुलांना काम शिकवू शकतो. म्हणजे तो एका कामासाठी अनफिट असतो आणि दहा कामांसाठी फिट. फिट येणाऱ्या माणसाला मी ड्रायव्हिंग, उंचावरचं काम किंवा उघड्या यंत्राजवळचं काम करू देणार नाही, मग तो कितीही गयावया करो. इथे प्रश्न त्याच्या आणि इतरांच्या जिवाचा आहे आणि कायदाही अशा खऱ्या कारणाला मान्यता देतो. मात्र तेवढ्या कारणावरून त्याला पॅकिंगच्या टेबलापासूनही दूर ठेवणं, याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. पक्षाघातानंतर सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, त्यानंतरही ती हळूहळू चालू राहते. पाय कापावा लागला तर जखम भरून कृत्रिम पायावर नीट चालायला काही महिने लागतात. पंधराव्या दिवशी “हा कायमचा गेला” असं ठरवणाऱ्या मॅनेजरला मी काय म्हणू? इतक्या लवकर तर न्यूरॉलॉजिस्टही सांगत नाही.

आपल्या परिसरातलंच एक नाव घेतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. २०१६ मध्ये यूपीएससीच्या परीक्षेत त्यांचा ७७३ वा क्रमांक आला आणि त्यांना रेल्वेची लेखा सेवा मिळाली. पण पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन रेल्वेने त्यांना घेतलं नाही. लक्षात घ्या, काम हिशेबाचं होतं, इंजिन चालवायचं नव्हतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तेव्हा बाजारात येऊन बरीच वर्षं झाली होती आणि प्रांजल यांचा अभ्यासही त्यावरच झाला होता. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला, त्या आयएएस झाल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. हिशेबाच्या खात्याला जी व्यक्ती चालत नव्हती, तिने महसुलाचा कारभार सांभाळला. त्यांच्या जिद्दीचं कौतुक आपण सगळेच करतो. मला मात्र वाटतं की नोकरी मिळायला दुसऱ्यांदा यूपीएससी पास व्हावं लागणं ही कौतुकाची गोष्ट नाही. आपल्या गल्लीतल्या मशीन ऑपरेटरकडे तो पर्यायही नसतो.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. (‘दिव्यांग’ हा शब्द माझ्या काही रुग्णांना आवडत नाही, “अपंग म्हणा, पण पगार द्या” असं एकाने सुनावलं होतं. कागदोपत्री तोच शब्द आहे, म्हणून वापरतो.) या कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व मोजलं आहे. हात-पाय, डोळे, कान तर आहेतच, शिवाय मानसिक आजार, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, कुष्ठरोगातून बरे झालेले, ॲसिड हल्ल्यात भाजलेले, असे बरेच जण त्यात येतात. डायलिसिसवर असलेल्यांचं नाव या यादीत नाही. हृदयरोग्यांचंही नाही. मला हे खटकतं, कारण आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्याला नोकरी टिकवणं किती अवघड आहे, ते मी बघतो.

चाळीस टक्क्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘माझं अपंगत्व पस्तीस टक्केच आलं, म्हणजे मला कायदा लागू नाही’ असं लोक धरून चालतात. चाळीस टक्क्यांची अट सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण आणि तशा काही लाभांसाठी आहे. भेदभाव होऊ नये हा हक्क आणि कामाच्या ठिकाणी सोय मिळण्याचा हक्क त्या आकड्यावर अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं. ते स्वतः एमबीबीएस. लिहिताना हात आखडण्याचा त्रास असल्याने त्यांना यूपीएससीच्या परीक्षेत लेखनिक हवा होता आणि टक्केवारी भरत नाही म्हणून तो नाकारला गेला होता. न्यायालयाने तो मिळवून दिला.

सोय म्हणजे काय, तर काम करता यावं म्हणून केलेला वाजवी बदल. बसून काम करायला स्टूल, तळमजल्यावरची जागा, मोठ्या अक्षरांचा पडदा. बदलापूरहून सकाळच्या लोकलमध्ये चढणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. कुबडी घेऊन जाणाऱ्याला कामाची वेळ तासभर मागेपुढे करून देणं हीसुद्धा सोयच. मालकावर न झेपणारा बोजा पडत नसेल, तर अशी सोय नाकारणं हाच या कायद्याच्या भाषेत भेदभाव ठरतो. त्या सोयीचा खर्चही कामगाराकडून वसूल करता येत नाही, असं नियमातच लिहिलं आहे.

नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही ढकलता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. सरकारी म्हणजे फक्त मंत्रालय नव्हे. नगरपालिका, एसटी, महावितरण, सरकारी मालकीच्या कंपन्या हे सगळं त्यात आलं.

या तरतुदीचा पूर्वावतार १९९५ च्या कायद्यात होता आणि त्यावरचा एक निकाल मी रुग्णांना नेहमी सांगतो. पंजाब वीज मंडळातले सहायक लाइनमन भगवान दास यांची दृष्टी १९९४ मध्ये नोकरीत असतानाच गेली. त्यांनी अर्ज दिला की मला निवृत्त करा आणि माझ्या पत्नीला नोकरी द्या. मंडळाने पहिला भाग तेवढा मान्य केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, त्यांना स्वतःचा हक्क माहीत नव्हता, तो सांगणं हे अधिकाऱ्यांचं काम होतं, आणि अज्ञानापोटी दिलेल्या अर्जाचा आधार घेऊन त्यांना काढता येणार नाही. ते सेवेत आहेत असंच धरायचा आदेश झाला. पण त्यात चौदा वर्षं गेली होती.

म्हणून हात जोडून सांगतो, दवाखान्याच्या खाटेवर असताना राजीनाम्यावर सही करू नका. “सही करा, हिशेब लगेच मिळेल” असं सांगायला कुणीतरी फळं घेऊन येतो. फळं घ्या, सही नको.

आता दुखरी बाजू. काढता येणार नाही, त्याच पगारावर ठेवा, ही भक्कम तरतूद फक्त सरकारी आस्थापनांसाठी आहे. आपल्या पट्ट्यातले बहुसंख्य कामगार खासगी कारखान्यांत, त्यातही ठेकेदाराच्या हजेरीपटावर. त्यांना कायदा काहीच देत नाही असं नाही. अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही, हे कलम सगळ्यांनाच लागू आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी कंपनीने समान संधीचं धोरण लेखी जाहीर करायला हवं. पण ते मोडलं तर पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त दहा हजार रुपये. तेवढ्यावर कुठला कारखानदार घाबरेल? नगरपालिकेच्या कायम कर्मचाऱ्याचा पाय गेला तर नोकरी राहते आणि त्याच रस्त्यावर ठेकेदाराकडून झाडू मारणाऱ्याचा गेला तर ‘तो आमचा नाही’ हे उत्तर मिळतं. हाड दोघांचं सारखंच मोडतं. हे संरक्षण खासगी क्षेत्रातल्या निदान मोठ्या आस्थापनांपर्यंत न्यायला हवं, असं मला ठाम वाटतं. त्यात कारखाने बुडतील ही भीती मला पटत नाही. काम बदलून देणाऱ्या लहान मालकांनाही मी ओळखतो, त्यांचं काही बिघडलेलं नाही.

आमच्या व्यवसायाबद्दलही बोललं पाहिजे. कित्येक नोकऱ्या डॉक्टरांच्या एका ओळीवर जातात. १९९७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यासाठी प्रत्येक डॉक्टरने वाचावा. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका महामंडळात रोजंदारीवर असलेल्या कामगाराच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. तो काम करायला सक्षम होता, तरी त्याला कायम करणं दूरच, कामच बंद झालं. न्यायालयाने त्याचं नाव गुप्त ठेवून ‘एमएक्स’ म्हणून खटला चालवू दिला आणि ठरवलं की, माणूस काम करू शकतो का आणि इतरांना धोका आहे का, हे न बघता केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. पुढे २०१७ मध्ये एचआयव्हीसाठी स्वतंत्र कायदा झाला, तो खासगी मालकांनाही लागू आहे आणि नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करायला मनाई करतो. एमएक्सच्या बाबतीत न्यायालयाने विचारलेले दोन प्रश्न मधुमेह, फिट्स, मानसिक आजार, सगळ्यांना लावून बघा.

तर मग करायचं काय? माझ्याकडे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे याल तेव्हा तुमच्या कामाचं वर्णन घेऊन या. किती तास उभं राहता, किती किलो उचलता, कुठलं यंत्र, रात्रपाळी आहे का. ते कळलं की “सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहू नये, दहा किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, बसून करायचं काम करू शकतात, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी” असं लिहिता येतं. असं सर्टिफिकेट हातात असलं की मालकाला नुसतं ‘अनफिट आहे’ म्हणून सुटता येत नाही. त्यात आजाराचं नाव प्रत्येक वेळी लागतच नाही, तुमची हरकत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. सोयीचा अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं कोर्टात उभं राहत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करता येतो, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. इथे एक घोळ सांभाळा. या प्रमाणपत्राची टक्केवारी आणि अपघाताच्या भरपाईची टक्केवारी वेगळी असते. १९२३ पासून चालत आलेल्या भरपाईच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता तीस टक्के गेली असं धरतात, एका हाताची चारही बोटं गेली तर पन्नास. ‘दोन कागदांवर दोन आकडे, म्हणजे एक खोटा’ असं म्हणून क्लेम अडवला तर घाबरू नका. ईएसआय कापला जात असेल तर कामावरच्या अपघाताचा भत्ता आणि कायमच्या अपंगत्वाची पेन्शन तिथून मिळते, त्यासाठी अपघाताची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं पूर्ण व्हायची अटही नाही. हे अनेक अकाउंटंटनाही ठाऊक नसतं.

तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. दिव्यांग व्यक्तीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे. फोन करताना नेमणूकपत्र, पगाराच्या शेवटच्या स्लिपा, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि सोयीच्या अर्जाची पोच समोर ठेवा. नेमणूकपत्र नसेल, आणि ठेकेदाराकडे असलात तर बहुधा नसेलच, तर गेटपास, हजेरीच्या कार्डाचा फोटो किंवा बँकेच्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदी तरी जपून ठेवा.