धिप्पाड गड्याची कैफियत

साहित्याच्या अध्यापकांनी व्हिडिओ गेमवर लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पडू द्यावा. मागच्या पिढ्यांतील शिष्टजन तमाशाकडे ज्या नजरेने पाहत, त्याच नजरेने आज आम्ही अध्यापक मंडळी विद्यार्थ्यांच्या पडद्यावरील खेळांकडे पाहतो. आणि या तुच्छतेपायी एक रास्त तक्रार ऐकायची राहून जाते. तक्रार अशी की, ऑनलाइन बास्केटबॉलमध्ये जो ‘सेंटर’ होतो, म्हणजे संघातला सर्वांत उंच, धिप्पाड गडी होतो, त्याला चेंडू कोणी देत नाही.

बीड तालुक्यातील लिंबागणेश आणि आसपासच्या गावांतून आमच्याकडे शिकायला येणारी काही मुले हा खेळ खेळतात. आमच्यापैकी दोघांनीही धिप्पाड गडी होऊन पाहिले आहे. ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी त्याची रीत सांगणे अवश्य आहे. संघात पाच खेळाडू, आणि प्रत्येकाला एकेक खराखुरा माणूस आपापल्या घरी बसून चालवतो. हे पाच जण बहुधा एकमेकांना ओळखत नाहीत. पात्र घडवतानाच उंचीची किंमत मोजावी लागते. उंची वाढवली की वेग घटतो, चेंडू टप्पे देत नेण्याचे कसबही घटते. त्यामुळे धिप्पाड गड्याचा सारा खेळ दुसऱ्याच्या पासवर अवलंबून. प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत आपला देह उभा करून साथीदाराला क्षणभर मोकळीक मिळवून द्यायची, यालाच ‘स्क्रीन’ म्हणतात, आणि मग वळून रिंगकडे धावायचे. पास येत नाही. साथीदार लांबूनच चेंडू फेकतो, तो हुकतो, धिप्पाड गडी गर्दीत उडी घेऊन तो परत मिळवतो आणि पुन्हा त्याच साथीदाराच्या हाती देतो. पुन्हा तेच.

बचावात तर याहून कठीण. बाहेरच्या साथीदाराने आपला माणूस सोडला की तो माणूस सरळ रिंगकडे घुसतो. त्याला अडवायला धिप्पाड गडी पुढे सरला, तर त्याच्या पाठीमागचा मोकळा सुटतो. न सरला, तर घुसलेला गुण मिळवतो. दोन्हीकडून बोल त्यालाच. सामना संपल्यावर तक्ता येतो. त्यात गुण असतात, रिबाउंड असतात, असिस्ट असतात. उभ्या केलेल्या स्क्रीनसाठी रकाना नसतो.

हल्लीची पोरे स्वार्थी झाली, असे म्हणून हा विषय मिटवणे सोपे आहे. आम्हाला ते मान्य नाही. माणूस हिशेबाप्रमाणे वागायला शिकतो. ज्या कामाला रकाना नाही ते काम तो दुसऱ्यावर ढकलतो. दोष आधी वहीचा आहे, मग खेळणाऱ्याचा.

ही वही पडद्यावर जन्मली नाही. खऱ्या बास्केटबॉलमध्येही धिप्पाड गड्याचा हिशेब नेहमी वाकडाच राहिला. जॉर्ज मायकन रिंगखाली आवरेना, तेव्हा अमेरिकेच्या एनबीएने 1951 साली रिंगखालची पट्टी 6 फुटांवरून 12 फूट रुंद केली. तिथल्या महाविद्यालयीन खेळात 1967 ते 1976 या काळात चेंडू वरून रिंगमध्ये दडपण्यालाच बंदी होती. बिल रसेलची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. बचावाच्या बळावर त्याने 13 हंगामांत 11 विजेतेपदे मिळवली आणि 1969 साली तो निवृत्त झाला. एनबीए अडवलेले फटके अधिकृतपणे मोजू लागली ती 1973-74च्या हंगामापासून. ज्या कामासाठी हा माणूस ओळखला जातो, त्या कामाचा अधिकृत आकडाच नाही. अलीकडे तिथे ‘स्क्रीन असिस्ट’ नोंदतात. पण साथीदाराने गुण मिळवला तरच. साथीदार हुकला, तर आडवे उभे राहिलेल्याचे श्रम पुन्हा बेहिशेबीच.

यावर कोणी म्हणेल की निकोला योकिच हाही सेंटरच. त्याला 2021, 2022 आणि 2024 असे तीनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला आणि 2023 साली त्याच्या डेन्व्हर संघाने विजेतेपद पटकावले. मग रडगाणे कसले? आमचे उत्तर असे की, योकिचभोवती वर्षानुवर्षे सोबत सराव केलेले साथीदार आहेत आणि चेंडू न देणाऱ्याला बाकावर बसवणारा प्रशिक्षक आहे. पडद्यावरच्या पाच अनोळखी माणसांत असा कोणी नाही. तिथे लाज धरायला लावणारी नजर नाही, उरतो तो फक्त तक्ता. दुसरा सल्ला असा मिळतो की, त्याने धिप्पाड गडी होऊच नये. ठीक. मग पाचही जण लांबून चेंडू फेकतील. हुकलेला चेंडू आणणार कोण?

आमच्या भागाला कबड्डी अधिक जवळची. टीव्हीवर 2014 पासून दिसणाऱ्या प्रो कबड्डीत पकडीचा गुण एका नावावर चढतो. हातात हात गुंफून वाट बंद करणारा शेजारी त्यात दिसत नाही. गावच्या मैदानावर मात्र रेषेलगत बसलेली जाणती माणसे असतात. घोटा कोणी धरला आणि निसटू कोणी दिले नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. वहीत नसलेले त्यांच्या डोळ्यांत असते. पडद्यावरच्या खेळाने वही ठेवली आणि हे डोळे गमावले.

आता हे साहित्याच्या वाचकांना का सांगावे? लिंबागणेशला भालचंद्र गणेशाचे स्थान आहे. गणपती हा आपल्या परंपरेतील सर्वांत थोरला लेखनिक. व्यासांनी न थांबता सांगावे आणि गणेशाने अर्थ कळल्याखेरीज लिहू नये, अशा परस्परांच्या अटींवर महाभारत लिहिले गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ग्रंथ व्यासांचा. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत तर हा प्रसंग मूळ संहितेत नाही, परिशिष्टात गेला आहे. तसे करण्यास पाठचिकित्सेची सबळ कारणे होती, हे आम्ही जाणतो आणि मान्यही करतो. परंतु मराठी समीक्षेने तशा सबळ कारणांवाचून किती लेखनिक परिशिष्टात धाडले, याचा हिशेब कोणी मांडावा? ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन, मराठवाड्यातून ‘अस्मितादर्श’ चालवणारे गंगाधर पानतावणे, यांनी दुसऱ्यांच्या लेखनाला वाट मोकळी करून देण्यात आयुष्ये घातली. त्यांची नावे आदराने घेतली जातात, हे खरे. पण आपल्या प्रश्नपत्रिकेत लेखकावर दीर्घोत्तरी प्रश्न येतो आणि संपादक आलाच तर टीपेपुरता येतो. अनुवादक आणि मुद्रितशोधक तेवढेही येत नाहीत. आपला तक्ताही गुण मिळवणाऱ्याचाच आहे.

म्हणून व्हिडिओ गेमवर नाक मुरडणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, त्या मुलाची तक्रार पोरकट नाही. आपल्या शास्त्राने ज्याला अजून रकाना दिला नाही, अशा श्रमाबद्दल तो बोलतो आहे. खेळ घडवणाऱ्यांनी शेवटच्या तक्त्यात स्क्रीनचा रकाना घालावा, आणि साथीदार हुकला तरी तो भरावा. खेळणाऱ्यांनी रिंगखाली हात वर करून उभ्या असलेल्याकडे एकदा तरी चेंडू टाकावा; तो तिथवर धावत आला आहे. आणि आम्ही अध्यापकांनी पुढच्या सत्रात संपादकावर एक पूर्ण गुणांचा प्रश्न काढावा, पर्याय न देता.