घरगुती व्यायामशाळा उभारण्यापूर्वी जमिनीचे रक्षण करावे : बेळ्ळंदूरच्या मराठी रहिवाशांना जाहीर आवाहन

बेंगळुरूतील बेळ्ळंदूर, इब्बलूर आणि कैकोंड्रहळ्ळी परिसरातील बहुमजली संकुलांत राहणाऱ्या सर्व मराठी भाषक कुटुंबांना असे आवाहन करण्यात येत आहे की, घरात ट्रेडमिल, डंबेल किंवा बारबेल आणण्यापूर्वी त्यांनी त्या खोलीच्या जमिनीचे संरक्षण आधी करावे. २०२० च्या टाळेबंदीपासून घरातच व्यायाम करण्याची रीत रुळली आहे आणि ती सर्वथा स्वागतार्ह आहे. तथापि ज्या फरशीवर वजने ठेवली जातात तिच्याखाली दुसऱ्या कुटुंबाचे घर असते, याचे भान साधने घेतानाच ठेवणे आवश्यक आहे.

मराठी मुलखातील तालमींनी हादरा जिरवणाऱ्या जमिनीचा विचार पूर्वीच केलेला आहे. कोल्हापूरच्या तालमींत कुस्तीच्या हौद्यातील तांबडी माती ताक, तेल, हळद व लिंबू घालून मुरवली जाते आणि वरचेवर खणून भुसभुशीत राखली जाते, जेणेकरून पडणाऱ्या मल्लाचा हादरा मातीच जिरवते. सदनिकेतील व्हिट्रिफाइड फरशी, म्हणजे माती, फेल्डस्पार व सिलिका यांचे मिश्रण दाबून उच्च तापमानात भाजलेली लादी, नेमकी याउलट असते. ती झिजेला दाद देत नाही, परंतु ठिसूळ असल्यामुळे आघाताने तडकते आणि तिच्याखालच्या सिमेंटच्या थरात पोकळी राहिलेली असल्यास अधिकच सहज फुटते.

आघाताचे गणित समजण्यासारखे आहे. २० किलोचे डंबेल एक मीटर उंचीवरून पडून २ मिलिमीटरमध्ये थांबले, तर फरशीवर सरासरी सुमारे १०,००० किलो वजनाइतका जोर येतो. तेच २० मिलिमीटर दबत थांबले, तर हा जोर सुमारे १,००० किलोवर उतरतो. वजन पसरवणे आणि पडण्याचा वेग हळूहळू जिरवणे, ही दोनच तत्त्वे संरक्षणाच्या मुळाशी आहेत.

म्हणून रहिवाशांनी पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात.

१. फरशी नाण्याने वाजवून पाहावी आणि पोकळ आवाज येणाऱ्या जागी साधने ठेवू नयेत.

२. वजने उचलण्याच्या जागी सुमारे १८ मिलिमीटर जाडीचे, पाण्याने न फुगणारे प्लायवूड अंथरून त्यावर १५ ते २० मिलिमीटरची घट्ट रबरी लादी बसवावी. फोमच्या मऊ चटया योगासनांसाठी ठीक असल्या, तरी जड वजनाखाली त्या चेपून निरुपयोगी होतात.

३. काळे रबर थेट व्हिनाइल किंवा संगमरवरावर ठेवू नये, कारण रबरातील रसायने झिरपून कायमचे डाग पडू शकतात.

४. अंथरलेले थर अधूनमधून, विशेषतः पावसाळ्यात, उचलून खालचा ओलावा पुसावा. ट्रेडमिलच्या पट्ट्याचे सिलिकॉन तेल सांडल्यास ते तत्काळ टिपावे.

५. रॅक बसवण्यासाठी स्लॅबला भोके पाडू नयेत. त्यात विजेच्या नळ्या असू शकतात.

भार सहन करण्याच्या क्षमतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार निवासी खोल्यांसाठी माणसे व सामान मिळून प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, इतका भार धरला जातो. हा भार सर्वत्र पसरलेला गृहीत असल्याने अनेक जड साधने एकाच कोपऱ्यात रचण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा. इमारतीच्या मजबुतीला वा सुरक्षिततेला बाधा आणणारे काम सदनिकाधारकाने करू नये, असे कर्नाटक सदनिका मालकी अधिनियम, १९७२ हाही सांगतो.

रबराने आवाज कमी होतो, पण स्लॅबमधून जाणारा हादरा पूर्णपणे थांबत नाही. म्हणून वजने टाकू नयेत, सावकाश खाली ठेवावीत, आणि पहाटे व रात्री उशिरा जड व्यायाम टाळावा. ज्यांच्या घरी साधने आधीच आहेत, त्यांनी येत्या रविवारी ती सरकवून फरशी तपासावी आणि खालच्या मजल्यावरील कुटुंबाला काही त्रास होतो का, हे स्वतः जाऊन विचारावे, अशी सर्वांना कळकळीची विनंती आहे.