शंका घ्या, पण पुरती!

पृथ्वीच्या तापमानवाढीसंबंधीच्या वादात पुरावा तपासण्यापेक्षा प्रतिपक्षाला हिणविण्याचीच घाई अधिक दिसते. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे विधान आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात आले होते. हिमनद्यांच्या पाहणीत हयात घालविलेले भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांनी २००९ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिलेल्या निबंधात, हा ऱ्हास असाधारण नाही, असे मत मांडले. तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी त्याची संभावना 'जादूटोण्याचे विज्ञान' अशी केली. पुढे दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, २०३५ च्या विधानाला पुरेसा आधार नसल्याचे समितीलाच कबूल करावे लागले. शास्त्राच्या कैवाऱ्यांनीच शास्त्राची अशी शोभा करावी, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

परंतु त्या एका चुकीने सारा सिद्धान्तच ढासळला, असा डांगोरा पिटणाऱ्यांना शंकेखोर तरी कसे म्हणावे? कर्बवायू उष्णता शोषतो हे टिंडाल यांनी १८५९ सालीच प्रयोगाने दाखविले. कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावर मोजणी आरंभिली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. हे आकडे खोडून दाखवा, आम्ही आनंदाने छापू! आणि हिमनद्यांचे म्हणाल, तर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या उपग्रहचित्रांच्या अभ्यासात, हिमालयातील बर्फ २००० नंतर आधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट वेगाने घटत असल्याचे आढळले आहे.