मुक्या रोग्याची साक्ष

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत मळ्यावर कुत्रें, मेंढवाड्यावर कुत्रें आणि शहरांतील कित्येक घरींहि कुत्रें असतेंच. तें एकसारखें अंग खाजवूं लागलें व त्याचे केंस झडूं लागले, म्हणजे शेजारीपाजारी तत्काळ वैद्य बनतात. कोणी गाडीचें जळकें तेल चोळावयास सांगतो, कोणी रॉकेल. "आमच्या कुत्र्यास यानेंच गुण आला," एवढा पुरावा सर्वांस पुरतो. तो पुरेसा नाहीं, असें मला येथें नम्रपणें परंतु स्पष्टपणें सांगावयाचें आहे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, सर्वच खाज म्हणजे लूत नव्हे. लूत सूक्ष्म किड्यांमुळें होते. ॲलर्जीची खाज निराळी. तींत पिसवांची लाळ, धूळ, परागकण किंवा एखादें अन्न यांस शरीर विनाकारण शत्रु समजतें आणि त्याची आग कातड्यावर उमटते. ही खाज पुष्कळदां ऋतुमानाप्रमाणें वाढते व आपोआप कमीहि होते. ती असह्य झाली म्हणजेच आपण उपाय करतों. पुढें ती स्वभावतःच उतरली, तरी श्रेय मात्र उपायास मिळतें. शिवाय अंगास लावलेलें तेल कुत्रें चाटतें व तें विष पोटांत जातें.

मग खरें औषध ओळखावें कसें? ऑक्लासिटिनिब नांवाच्या गोळीस अमेरिकेंत 2013 सालीं मान्यता मिळाली. तत्पूर्वीं तेथील 26 दवाखान्यांतून, लोकांनीं घरीं पाळलेल्या 436 कुत्र्यांवर तिची परीक्षा घेण्यांत आली. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें कुत्र्यांचे दोन गट पाडले. एका गटास खरी गोळी दिली, दुसऱ्यास औषध नसलेली. आपल्या कुत्र्यास कोणती मिळाली, हें मालकांस कळूं दिलें नाहीं. दहा सेंटिमीटरच्या रेघेवर खूण करून त्यांनीं खाज किती आहे तें नोंदविलें. सात दिवसांपैकीं निदान पांच दिवस ती खूण दोन सेंटिमीटर खालीं आली, तर गुण आला असें धरलें. खऱ्या गोळीनें शंभरांत सुमारें 67 कुत्र्यांस गुण आला, आणि रिकाम्या गोळीनेंहि सुमारें 29 कुत्र्यांस!

विद्यार्थ्यांनो, हा 29 चा आंकडा विसरूं नका. ते मालक खोटें बोलत होते असें नव्हे. कांहीं कुत्र्यांची खाज आपोआप उतरली असेल, कांहीं मालकांस आशेमुळें ती उतरलीसें वाटलें असेल. आपल्या शेजाऱ्याचें कुत्रें अशाच 29 पैकीं नसेल कशावरून? तुलनेवांचून हें कळत नाहीं.

तुलनेची ही रीत आपणांस अपरिचित नाहीं. 1897 सालीं मुंबईस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां डॉ. हाफकिन यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांस लस टोंचली आणि त्यांची तुलना लस न घेतलेल्यांशीं केली. परंतु कैदी होकार देऊं शकत होते. कुत्रें तो देऊं शकत नाहीं. म्हणून कोणी विचारील, दुःखी जनावरास रिकामी गोळी देणें निर्दयपणाचें नव्हे काय? शंका रास्त आहे. याकरितां अशी परीक्षा थोड्या दिवसांची असावी, मालकास सर्व आधीं सांगितलेलें असावें, आणि दुःख वाढतांच त्या जनावरास परीक्षेंतून काढून योग्य उपचार द्यावे. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवण्याकरितां समिति नेमण्याची तरतूद आपल्या देशाच्या 1960 च्या कायद्यांतहि आहे. उलट, ऐकीव माहितीवरून रॉकेल चोळणें हाहि एक प्रयोगच होय. मात्र त्यांत ना नोंद, ना तुलना, ना कोणाची देखरेख.

पालकांस विनंती इतकीच कीं, खाजणारें कुत्रें तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावें. आणि मुलांनो, तुम्हीं वहींत रोज एक रेघ ओढून खाज किती दिसते त्याची खूण करा व ती वही डॉक्टरांस दाखवा. मुक्या रोग्याची साक्ष आपणांसच द्यावयाची आहे. ती खरी द्यावी.