वाहिनी क्रमांक ६२



मंडळाची ही स्मरणिका आपल्या हाती देताना संपादक या नात्याने चार शब्द लिहावयाचे आहेत. या पानावर दरवर्षी कार्यक्रमांचा आढावा येतो. यंदा तो सचिवांच्या अहवालात सविस्तर आला असल्याने मी त्याची पुनरुक्ती टाळतो आणि एका लहानशा दूरचित्रवाणी केंद्राची हकीकत सांगतो. आपल्या जुन्या ध्वनिचित्रफितींचे काय करावयाचे व त्या कोणाच्या ताब्यात ठेवावयाच्या, हा प्रश्न सध्या कार्यकारिणीपुढे आहे. त्याचा विचार करताना मला ही हकीकत वारंवार आठवत राहिली.

१९९८ साली मी निवासी डॉक्टर म्हणून डेट्रॉइटला आलो. हृदयविकाराने दाखल झालेले एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ माझ्या वॉर्डात होते. मोटार कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. खोलीतील संचावर ६२ क्रमांकाची वाहिनी चालू होती. तिकडे बोट दाखवून ते म्हणाले, “डॉक्टर, ही वाहिनी एके काळी आमची होती.” औषधाच्या गुंगीत बोलत असावेत, असे मला वाटले. अशा वेळी रुग्णाचे म्हणणे अर्धवट ऐकण्याची आम्हा डॉक्टरांना वाईट खोड असते. पुढे चौकशी केली, तेव्हा त्यांचा शब्द न् शब्द खरा निघाला.

या केंद्राचे नाव डब्ल्यूजीपीआर. अमेरिकेच्या भूमीवर कृष्णवर्णीयांच्या मालकीचे ते पहिले दूरचित्रवाणी केंद्र. २९ सप्टेंबर १९७५ रोजी त्याचे प्रक्षेपण सुरू झाले. त्यामागे विल्यम बँक्स नावाचे एक गृहस्थ होते. १९०३ साली केंटकी राज्यात जन्मलेले, डेट्रॉइटला येऊन वकील झालेले, धर्मोपदेशकाचेही काम करणारे. १९५० साली त्यांनी कृष्णवर्णीयांचा एक स्वतंत्र मेसन बंधुसंघ स्थापन केला. आपल्याकडील मंडळांसारखीच ही संस्था. सभासदांच्या पैशावर चालणारी. या बंधुसंघाने १९६४ साली एक लहान रेडिओ केंद्र विकत घेतले. त्यातून अनुभव आला, थोडे बळ आले, आणि १९७३ मध्ये दूरचित्रवाणी केंद्र उभारण्याची परवानगी संघीय दळणवळण आयोगाकडून मिळाली.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. जुलै १९६७ च्या दंगलीत डेट्रॉइटमध्ये ४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षीच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाने १९६८ च्या अहवालात वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांच्यावरही ठपका ठेवला. ही माध्यमे गोऱ्यांच्या जगात वावरतात आणि त्याच जगाच्या नजरेने बातमी देतात, असे त्याचे म्हणणे होते. १९७० च्या जनगणनेत शहरातील दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे ४४ कृष्णवर्णीय होते. १९७३ मध्ये कोलमन यंग हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. मतपेटी हाती आली होती; पण घराघरांत बोलणारी पेटी दुसऱ्यांच्या हाती होती.

केंद्र सुरू झाले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ध्वनिमुद्रित अभिनंदन पाठविले. अभिनंदनाने प्रक्षेपण चालत नाही, हे मात्र लवकरच कळून आले. शहरातील बड्या केंद्रांना २, ४ आणि ७ हे जुने, सुस्पष्ट दिसणारे क्रमांक मिळालेले होते. ६२ हा क्रमांक यूएचएफ पट्ट्यातला. त्याला वीज अधिक लागते, लहरी इमारतींआड अडतात, आणि जुन्या संचांवर त्यासाठी वेगळी गोल तार लावून ती हाताने फिरवीत बसावे लागे. १९६२ च्या कायद्याने नव्या संचांत ही सोय सक्तीची केली होती, तरी घरोघरी जुने संच पुष्कळ होते. चित्र अस्पष्ट म्हणून प्रेक्षक कमी. प्रेक्षक कमी म्हणून जाहिराती कमी. जाहिराती कमी म्हणून चांगले यंत्र घेण्यास पैसा नाही. रक्तक्षयाच्या रोग्याला भूक लागत नाही आणि भूक नाही म्हणून रक्त वाढत नाही, तशातला हा प्रकार. बहुतांश कार्यक्रम स्थानिक व स्वतःचे असावेत हा आरंभीचा संकल्प फार दिवस टिकला नाही. जुने चित्रपट, जुन्या मालिका आणि वेळ विकत घेणारे धर्मोपदेशक यांवर बराचसा दिवस काढावा लागे.

तथापि जे उरले ते थोडे नव्हते. ‘बिग सिटी न्यूज’ हे त्यांचे स्वतःचे बातमीपत्र होते. ‘द सीन’ या नृत्याच्या कार्यक्रमात शेजारपाजारची मुले येऊन नाचत. तो १९७५ पासून १९८७ पर्यंत चालला. माझे रुग्ण अभिमानाने सांगत की, त्यांची मुलगी त्यात दोनदा दिसली होती. डेट्रॉइटमधील अरब रहिवाशांसाठीही या केंद्रावर कार्यक्रम होत असे, ही गोष्ट मला विशेष वाटते. ज्यांना दाराबाहेर ठेवले गेले होते, त्यांनी स्वतःचे घर बांधताच दुसऱ्या उपऱ्याला ओसरीवर जागा दिली. शिवाय कॅमेरा धरणे, फीत जोडणे, बातमी वाचणे हे सारे तेथे तरुणांना शिकावयास मिळाले. अमायर मॅकुपसन, पॅट हार्वी, शॉन रॉबिन्सन ही पुढे नावारूपास आलेली मंडळी आरंभी याच केंद्रात होती. बड्या केंद्रांची दारे ज्यांना सहजी उघडली नसती, त्यांची ही शाळाच होती.

१९८५ मध्ये बँक्स यांचे निधन झाले. केंद्र चालू राहिले, पण ओढाताणीत. मे १९९४ मध्ये फॉक्स कंपनीने अनेक शहरांतील केंद्रांशी करार केला आणि डेट्रॉइटमध्ये सीबीएस या बलाढ्य कंपनीचे जुने केंद्र तिच्या हातून गेले. जवळपास दुसरे केंद्र मिळेना. अखेर ज्या अंधुक क्रमांकाकडे कोणी पाहत नव्हते, त्याच ६२ क्रमांकासाठी सीबीएसने २ कोटी ४० लाख डॉलर देऊ केले. बंधुसंघाने ते स्वीकारले. कृष्णवर्णीय समाजातून हरकती निघाल्या, आयोगापुढे तक्रार झाली, ती फेटाळली गेली, आणि १९९५ च्या जुलैत विक्री पूर्ण झाली. नावही बदलले. रेडिओ केंद्र तेवढे बंधुसंघाने विकले नाही.

पुढे काय झाले? चित्र सुधारले, लहरी दूरवर पोहोचू लागल्या. पण ज्या शहराने हे केंद्र जन्माला घातले, त्या शहराची बातमी मात्र त्यावरून जवळजवळ नाहीशी झाली. मधले थोडे प्रयोग सोडले, तर ६२ क्रमांकावर स्वतःचा परिपूर्ण वृत्तविभाग उभा राहण्यास २०२३ साल उजाडावे लागले. मी वॉर्डात जे पाहत होतो, ते न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस होते. खिडकीबाहेरचे डेट्रॉइट त्यात नव्हते.

विकणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. मी तो सरसकट देणार नाही. वीस वर्षे तोटा सोसलेल्या संस्थेपुढे एवढी रक्कम आली असता आपल्यापैकी किती जणांनी नकार दिला असता? माझ्या मते चूक असलीच तर ती १९९४ ची नव्हे, त्याआधीची. आमची वाहिनी असे म्हणणाऱ्या माझ्या रुग्णासारख्या हजारो प्रेक्षकांचा तिच्या कारभारात कागदोपत्री काहीच भाग नव्हता. ते बंधुसंघाचे सभासद नव्हते. विक्रीची बातमी त्यांना इतरांप्रमाणे वर्तमानपत्रातून कळली.

हे वाचताना आपल्याला ‘मूकनायक’ आठवल्यावाचून राहणार नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ते पाक्षिक काढले, त्यास राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले, तेही पैशाअभावी थांबले. पुढे ‘जनता’ आले, १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. अनुभवातून बाबासाहेब छापखान्याच्या मालकीपर्यंत पोहोचले होते, हे आपण विसरतो. लेखणी आपली आणि यंत्र परक्याचे, ही स्थिती त्यांना पुरेपूर ठाऊक होती.

आता आपल्याविषयी. दोन वर्षांपूर्वी आपल्या जयंती समारंभाची चित्रफीत एका मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून एके सकाळी नाहीशी झाली. आपल्याच मुलींनी गायिलेल्या भीमगीतावर कोणा संगीत कंपनीने हक्क सांगितला होता. विचारणा केली, तेव्हा उत्तर यंत्राने दिले. सुदैवाने मूळ प्रत एका भगिनीच्या घरी कपाटात होती. सगळे तेथेच ठेवावे, फुकट आहे व जगभर दिसते, असे तरुण सभासदांचे मत आहे. ते चुकीचे आहे असे मी म्हणत नाही, जरूर ठेवावे. परंतु मूळ प्रती मंडळाच्या नावे, मंडळाच्या खर्चाने, दोन वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात, आणि त्या देण्या-विकण्याचा अधिकार कार्यकारिणीस नसून सर्वसाधारण सभेस असावा, असा ठराव मी मांडणार आहे. खर्च प्रत्येक कुटुंबामागे फारसा नाही. हिशेबाचा कागद सभेत वाटला जाईल.

डेट्रॉइटमधील ईस्ट जेफर्सन मार्गावरच्या त्या जुन्या इमारतीत २०१७ पासून बँक्स यांच्या नावाचे संग्रहालय आहे. आपल्या मुलांची एक सहल तेथे नेण्याचा विचार आहे. नावे सहसचिवांकडे नोंदवावीत.

ज्यांच्या घरी जुन्या समारंभांच्या व्हीएचएस फिती असतील, त्यांनी त्या सर्वसाधारण सभेस येताना आणाव्यात. फितीवर पांढरी बुरशी दिसल्यास ती यंत्रात घालून पाहू नये. कोरड्या कागदी पिशवीत ठेवून तशीच आणावी. फितीवर साल लिहिलेले नसेल, तर त्यात कोण कोण दिसते एवढे तरी एका चिठ्ठीवर लिहावे. त्यांतील काही ज्येष्ठ आज आपल्यात नाहीत, आणि त्यांना ओळखणारेही आता थोडेच उरले आहेत.

– संपादक