हवा जाणार कुठून?

पहिला पंखा मागच्या जाळीला, दुसरा बाजूच्या झाकणाला, तिसरा समोर. तिन्ही नवे, तिन्ही १२० मिलिमीटरचे आणि तिन्ही हवा आत ढकलणारे. खामगावातल्या एका सेवा केंद्रावरचं हे मशीन या आठवड्यात रोज दुपारी दोनच्या सुमारास, नेमकी दाखल्यांची रांग लागली की, आपोआप बंद पडत होतं. केंद्र चालवणारा तरुण रडकुंडीला आला होता. "भाऊ, तीन-तीन फॅन बसवले, तरी सीपीयू तापूनच राह्यला." आपल्याकडे अख्ख्या पेटीलाच सीपीयू म्हणतात, तेव्हा त्याचं बोलणं नीट कळत होतं. पंखे विकणाऱ्याने त्याला चौथा सुचवला होता.

चिडावं ते या चौथ्या पंख्यावर. मागच्या महिन्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लिहिताना या स्तंभाने हेच म्हटलं होतं: दुकानात वस्तू मिळते, पण ती कशी लावायची ते कोणी सांगत नाही.

केंद्रात देवाजवळ उदबत्ती लागलेली होती. तीच उचलून पेटीभोवती फिरवली. समोर धूर आत गेला, ठीक. बाजूला आत गेला. मागे जाळीशी नेली, तिथेही आत गेला! मागच्या पंख्याच्या अगदी वर एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, गरम हवा बाहेर टाकत होता, आणि ती पुरती बाहेर पडायच्या आत खालचा पंखा तिला परत ओढून घेत होता. त्यात मशीन टेबलाच्या अरुंद खणात, पाठ जवळजवळ भिंतीला टेकलेली. तीच हवा चकरा मारत होती आणि प्रत्येक चकरेला आणखी तापत होती.

बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या माणसाला खरं तर हे सांगायची वेळ येऊ नये. मलकापूर-नांदुऱ्यापासून शेगावपर्यंत एप्रिल लागला की घरोघरी कूलर खिडकीत चढतो, त्याचं गवत बदललं जातं, आणि पहिल्याच दुपारी आजी बजावते की समोरचं दार लोटू नका, फटीत चप्पल अडकवा. का? कूलर हवा आत टाकतो. ती बाहेर जायला वाट नसेल तर नवी हवा येणार कशी? दार लागलं की अर्ध्या तासात उमस दाटते, अंगाला कपडे चिकटतात आणि फरशी दमट लागते. कूलर मोठा आणला तरी दार बंद असेल तर फरक पडत नाही. आजीला हे ठाऊक आहे, नातवालाही ठाऊक आहे. पण तोच नातू हातात स्क्रूड्रायव्हर घेतो तेव्हा पेटीलाही दार लागतं हे विसरतो. समोरून आणि खालून गार हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर, एवढीच ती वाट.

पण या तुलनेचा दुसरा पाय लंगडा आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. कूलर हवा गार करतो, कारण त्यात पाणी वाळतं. बाहेर ४४ अंश आणि हवेत ओलावा १५ टक्के असेल, तर चांगला कूलर हवा तिशीच्या आसपास आणू शकतो. कॅबिनेटमधला पंखा मात्र हवा फक्त हलवतो. खोलीपेक्षा गार हवा तो जन्मात देऊ शकत नाही, मग तीन लावा की तेरा.

हिशेब साधा आहे. पेटीत १०० वॅट उष्णता तयार होत असेल आणि तिच्यातून मिनिटाला ३० घनफूट हवा खरोखर वाहत असेल, तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा सुमारे ६ अंशांनी गरम असते. हवा दुप्पट करा, फरक ३ अंशांवर येतो. चौपट करा, दीड अंश. म्हणजे नीट लावलेला पहिला पंखा मोठं काम करतो, दुसरा बरं करतो, आणि त्यापुढचे अंशा-अर्ध्या अंशासाठी घुमत बसतात. खोली ४२ अंशांवर असताना त्या अर्ध्या अंशाने काय होणार?

इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी एकदा माप घालून दिलं होतं: खोली ३५ अंशांची असेल तर प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ नये. ३५ अंशांची खोली! खामगावात मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या शटरमागे ती कुठून आणायची? बुलढाणा शहर घाटावर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, म्हणून जरा गार. खामगाव त्याच्या निम्म्या उंचीवर. तेच मशीन, तोच पंखा वर दिवसभर चालतो आणि खाली दोन वाजता झोपतो.

दिशेची चूक मोठमोठ्यांनीही केली आहे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स पेटीचा आराखडा आणला, त्यात पॉवर सप्लायचा पंखा बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडेल अशी कल्पना होती. कागदावर एका पंख्यात दोन कामं होत होती. पण पॉवर सप्लायमधून येणारी हवा आधीच तापलेली असायची. पुढच्या आवृत्त्यांत तो पंखा हवा बाहेर टाकू लागला, आणि आजही तसाच आहे.

आता थोडं पेटीबाहेरच्या पेटीबद्दल, म्हणजे गाळ्याबद्दल. घाटाखालच्या जुन्या धाब्याच्या घरांना माथ्याशी झरोका असायचा, दारावर जाळी असायची. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. आजचा दुकानगाळा म्हणजे तीन भिंती आणि एक शटर. मागे खिडकी नाही, वर जाळी नाही. या जिल्ह्यात उन्हाळ्यात बंद पडणाऱ्या मशीनपैकी निम्म्यांचा दोष मशीनचा नसून गाळा बांधणाऱ्याचा आहे, असं या स्तंभाचं ठाम मत आहे. मोजणी कोणी केलेली नाही, तरी मत तेच.

आणि खामगाव हे कापसाचं गाव. पेटीचं झाकण काढलं तेव्हा प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांवर धूळ आणि तंतू मिळून राखाडी गोधडी जमली होती, बोटाने उचलली तर सलग निघाली. या गोधडीवर कितीही वारा घाला, उष्णता खालीच कोंडते. पंखा बंद धरून, तो उलटा गरगरू न देता, ब्लोअरने ती उडवली. कूलरचा झोत थेट पेटीवर होता, तोही वळवला. ओल लागली की हाच तंतू चिखलासारखा बसतो.

मग मागचा पंखा उलटवला. काम चार स्क्रूंचं. पंख्याच्या चौकटीवर दोन बाण कोरलेले असतात, एक पात्यांच्या फिरण्याचा, दुसरा हवेचा. बाण नसतील तर ज्या बाजूने आडव्या दांड्यांनी मोटर धरलेली दिसते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. बाजूच्या झाकणाचा पंखा काढून तिथलं भोक बंद केलं, पेटी खणातून बाहेर काढली आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली. उदबत्ती पुन्हा फिरवली. समोर धूर आत ओढला गेला, मागे तिच्या टोकाचा धूर सरळ भिंतीकडे पळाला.

चौथा पंखा घेतला नाही. उरलेला तिसरा आता टेबलावर पडून आहे. गाळ्याच्या मालकाला शटरवरच्या भिंतीत जाळी बसवू द्याल का, असं तरुणाने विचारलंय. मालक म्हणाले, पावसाळा होऊ द्या, मग बघू.